फोंड्यात बसून तिबेटचा बर्फ मोजताना

बर्फ मी पाहिलाय तो मासळीच्या पेटीतला. तरी तिबेटच्या पठारावरचा मोजतो, आणि तुम्हालाही जमेल. नासाच्या टेरा उपग्रहावरच्या मोडिस उपकरणाचे हिमनकाशे २००० पासूनचे फुकट मिळतात. एकेक चौकोन ५०० मीटरचा.

खरी डोकेदुखी ढगांची. टेरा सकाळी जातो, त्याचा भाऊ अ‍ॅक्वा दुपारी; बरीच वर्षं या वेळा साडेदहा आणि दीडच्या सुमाराच्या होत्या. तेवढ्यात ढग सरकलेले असतात, म्हणून दोन्ही नकाशे जोडा. उरलेली भोकं आदल्या-पुढल्या दिवसांवरून बुजवा, पण बेताने. पठारावरचा पातळ बर्फ उन्हा-वाऱ्यात पटकन जातो. मी एकदा आठवडाभर मागे गेलो आणि नसलेला बर्फ उगवून बसलो!

वर्ष सप्टेंबरपासून धरा. जानेवारीपासून धरलंत तर एकच हिवाळा दोन तुकड्यांत मोडतो. मग प्रत्येक चौकोनाचे हिमदिवस, म्हणजे वर्षात किती दिवस तिथे बर्फ होता, ते मोजा. ते वर्षागणिक वाढतायत की घटतायत हे बघायला सरळ रेषा ओढायचा मोह आवरा, टोकाचा एखादा जबर हिवाळा तिला वाकवतो. मान-केंडल चाचणी बरी, ती आकडे किती हे न बघता नुसता चढ-उतार मोजते. उंचीचे पट्टेही वेगळे ठेवा: पठाराचा मध्य उंच असूनही कोरडा, बर्फ कडेच्या डोंगरांवर जास्त.

हिमालयातल्या बर्फाचा आपल्या पावसाशी संबंध भारतीय हवामान खात्याचा पहिला प्रमुख ब्लॅनफर्ड याने १८८४ मध्येच मांडला होता. माझ्या कौलांवर आता तोच पाऊस वाजतोय.