कॉनवेच्या ‘लाइफ’ची कोडी मुलांसोबत सोडवायची, तर आदल्या दिवशीची तयारी

‘लाइफ’ हा गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा चौकटींच्या पटावरचा खेळ: सुरुवातीची आकृती मांडायची आणि ती ठरलेल्या नियमांनी पायरीपायरीने बदलत न्यायची. सगळ्यात आधी बटणं. शिवणकामाच्या सामानाच्या दुकानातून शर्टाची काळी आणि पांढरी बटणं आणा. दोन मुलांमागे एक पट धरला तर दर पटाला साठ काळी, वीस पांढरी पुरतात. चपटीच घ्या. चिंचोके घरात असतात म्हणून मोह होतो, पण एकावर एक ठेवले की घसरतात, आणि इथे ते ठेवावेच लागतं. पटासाठी कार्डशीटवर इंचाइंचाची घरं पेन्सिलीने आखा, निदान वीस बाय वीस. आकृती कडेला टेकली की डाव तिथेच फसतो.

नियम पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून प्रत्येक पटाजवळ ठेवा. प्रत्येक घराला आठ शेजारी, तिरपे धरून. भरलेल्या, म्हणजे बटण असलेल्या घराला दोन किंवा तीन भरलेले शेजारी असतील तर ते तगतं, नाहीतर मरतं. रिकाम्या घराला नेमके तीन असतील तर तिथे जन्म. बास.

खरी मेख अशी की सगळी घरं एकाच क्षणी बदलतात; असा एक बदल म्हणजे एक पिढी. मुलं मरणारं बटण दिसताक्षणी उचलतात आणि पुढची सगळी मोजणी बिघडते. म्हणून तीन बटणांची आडवी रांग घेऊन आदल्या रात्री स्वतः सराव करा. टोकाच्या दोन्ही बटणांना शेजारी एकेकच, त्यांच्यावर दुसरं काळं चढवा. मधल्याच्या वर आणि खाली नेमके तीन शेजारी, तिथे पांढरं ठेवा. पट पुन्हा मोजा. मगच काळ्या जोड्या उचला आणि पांढऱ्यांच्या जागी काळी ठेवा. रांग उभी झाली पाहिजे. गणिती कोड्यांचं सदर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी ऑक्टोबर १९७० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून जॉन कॉनवे यांचा हा खेळ जगापुढे आणला, तेव्हा हीच रीत सांगितली होती. अजून तिच्याहून चांगली मला सापडलेली नाही.

आता कोडी. आकृती द्यायची आणि तिची आधीची पिढी मागायची. गेल्या वेळी मी मनाने एक फूल काढून दिलं आणि एक मुलगी पाऊण तास झगडली. उत्तर मलाही सापडलं नाही. काही आकृत्यांना आधीची पिढी नसतेच, लाइफमधली अशी पहिली आकृती १९७१ मध्ये सापडली. तेव्हा उलट करा: सुरुवात तुम्ही मांडा, पुढे चालवा, आणि शेवटचं चित्र मुलांना द्या. दोन बाय दोनचा चौकोन तीनच बटणांतून कसा येईल? सहा घरांचं मधाचं पोळं (वर दोन, खाली दोन आणि मधल्या ओळीत दोन्ही बाजूंना एकेक) दोन पिढ्यांपूर्वी चारच बटणांचं होतं, ती कशी मांडली होती? उत्तरं एकापेक्षा जास्त निघतात, म्हणून मुलाने मांडलेलं पुढे चालवूनच तपासा; तुमच्या उत्तराशी ताडून नको.

लॅपटॉपवर ‘गॉली’ हे लाइफ चालवणारं सॉफ्टवेअर आधीच उतरवून ठेवा, फुकट आहे. पाच घरांची ‘आर-पेंटोमिनो’ नावाची आकृती शांत व्हायला ११०३ पिढ्या घेते, ती बटणांनी होणार नाही. पण हे शेवटी दाखवा, आधी दाखवलंत तर कोणी बटणाला हात लावणार नाही.

आणि मुलं यायच्या आधी एका पटावर ग्लायडर, म्हणजे सरकत जाणारी आकृती, मांडून ठेवा: पहिल्या ओळीत मधलं घर, दुसऱ्या ओळीत उजवं, तिसरीत तिन्ही. चार पिढ्यांत तो तोच आकार घेऊन एक घर तिरपा खाली उजवीकडे सरकतो, तेव्हा मांडताना पटाचा वरचा डावा कोपरा धरा.