या चुका टाळा: विनोद रेकॉर्ड करायच्या आधी चार गावं फिरवा

बेळगावात हल्ली दर महिन्याला एखादा नवा पोरगा विनोदाचं रेकॉर्डिंग करतो आणि मला लिंक धाडतो. ‘दादा, बघा की.’ बघतो. त्याच त्या चुका बघून वैताग आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली चूक म्हणजे आपल्या गल्लीत हसले की विनोद तयार झाला असं समजणं. ही मीही केलीय. 2023 च्या मार्चमध्ये पलीकडं महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि जूनमध्ये इकडं कर्नाटकात शक्ती योजनेत त्यांना साध्या बसचा प्रवास फुकट. सीमेवरच्या घरात विनोद आपल्या पायानं चालत आला. मी लिहिलं, ‘आई निपाणीपर्यंत फुकट जाते आणि कागलला लालपरीत चढली की तिचं अर्धं तिकीट पडतं.’ गणपतीत तीन मंडळांत म्हटला. पोरं पोट धरून हसली. (हसणारच, वर्गणी देतोय मी.) लगेच कोल्हापूरहून दोन कॅमेरे भाड्यानं आणले, शहापुरात हॉल घेतला आणि रेकॉर्ड करून मोकळा झालो.

पंधरा दिवसांनी निपाणीत तोच विनोद म्हटला. पुढच्या रांगेतली एक मावशी बसल्या जागेवरून ओरडली, ‘आणि नवरा दोन्हीकडं फुल्ल!’ हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. विनोदाचा शेवट तिच्यापाशी होता आणि माझा व्हिडिओ तोवर चॅनेलवर चढला होता.

त्या रात्री ऑडिओ ऐकला तेव्हा आणखी एक कळलं. लोक ‘अर्धं’वरच हसायला लागतात आणि मी त्यांच्या हशावर ‘तिकीट पडतं’ म्हणत बसतो. मराठीत क्रियापद शेवटाला येतं, त्यामुळं हसवणारा शब्द त्याच्याखाली चेंगरतो. आता मी एवढंच म्हणतो, ‘निपाणीपर्यंत आई फुकट. कागलच्या पुढं अर्धी.’ मग गप्प. हशा ओसरला की मावशीची ओळ. हे घरात वही घेऊन बसून कळत नाही. क्रिस रॉकसारखा अमेरिकेतला नावाजलेला कॉमेडियनसुद्धा मोठ्या दौऱ्याआधी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकच्या छोट्या क्लबात कागद हातात धरून नवा माल तपासतो. आमच्या पोरांना मात्र दोन कार्यक्रमांत थंबनेल पाहिजे असतं.

दुसरी चूक खास आपल्या भागातली, टाळीला हशा समजायची. सीमाप्रश्न 1956 पासूनचा विषय आहे. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हटलं की बेळगावात टाळ्या-शिट्ट्या येणारच, त्यात तुमचं काय? तीच ओळ सोलापुरात म्हणून बघा. मी ऑडिओ ऐकताना वहीत टाळीला ‘ट’ आणि हशाला ‘ह’ लिहितो. पानावर नुसते ‘ट’ दिसले की ते पान भाषणाचं.

आपण ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतो. ‘जेवलो, खरं पोट भरलं नाही.’ पुण्यात याचा अर्थ वेगळा लागतो आणि वळण निसटतं. तेवढ्यासाठी शब्द बदलून गुळगुळीत मराठी बोलू नका, कानाला बरं लागत नाही. आधी दोन वेळा साध्या वाक्यात ‘खरं’ वापरा, तिसऱ्यांदा विनोदात आणा.

फोन शर्टाच्या खिशात ठेवून रेकॉर्ड करू नका, नुसतं कापड घासल्याचा आवाज येतो. एका रात्रीत पाच ओळी बदलू नका, कुठली लागली ते समजत नाही. एडिटिंगला मागनं हशा चिकटवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

सलग तीन कार्यक्रमांत, तिन्ही वेगळ्या गावांत, त्याच जागी हशा आला तरच मी कॅमेरावाल्याला फोन करतो. ‘एवढे कार्यक्रम आणायचे कुठनं?’ असं विचारतात. खानापूरची यात्रा, संकेश्वरचं गॅदरिंग, कुणाचं बारसं, सगळीकडं मी पाच मिनिटं मागून घेतलीत. बारशात बाळ रडलं की थांबावं लागतं, तेवढंच.