हिपॅटायटिस बी ची गोळी चालू झालीये? मग हे वाचाच

पहिलं म्हणजे हा व्हायरस सहसा शरीरातून पूर्ण जात नाही, गोळी त्याला दाबून ठेवते आणि लिव्हर वाचवते, त्यामुळे वर्षानुवर्षं घ्यावी लागते, हे मनाशी पक्कं करा.

गोळी टेनोफोविर ३०० मिग्रॅ असेल तर रोज एक, ठरलेल्या वेळी, मोबाईलला अलार्म लावून टाका. एन्टेकाविर असेल तर उपाशीपोटी, म्हणजे जेवणानंतर २ तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या २ तास आधी, झोपताना घेतलेली बरी पडते. एखादी राहिली तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, डबल कधीच नको.

आणि प्लीज, रिपोर्टमधे व्हायरस दिसत नाही म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका!! बरं वाटतंय म्हणून बरेच जण इथेच चुकतात, मग व्हायरस उसळतो, कावीळ होते, कधीकधी लिव्हर फेल होण्यापर्यंत जातं. गोळी संपायच्या आठवडाभर आधीच नवीन आणून ठेवा.

सुरू करण्याआधी एचआयव्ही टेस्ट, नंतर डॉक्टर सांगतील तसं दर ३ ते ६ महिन्यांनी एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट), व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ते), आणि टेनोफोविरवर असाल तर क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट). अंगदुखीच्या गोळ्या न विचारता नकोत, किडनीवर ताण येतो. दारू बंदच.

खर्चाची काळजी असेल तर २०१८ ला सुरू झालेल्या सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमात औषध फुकट मिळतं, जिल्हा रुग्णालयात विचारा. घरच्यांची टेस्ट करून लस मात्र लगेच द्या. एका ताटात जेवल्याने हा पसरत नाही, त्यामुळे भांडी वेगळी ठेवायची गरज नाही, ब्लेड आणि ब्रश तेवढे वेगळे ठेवा.