चहाची मूळकूज आणि ट्रायकोडर्मा: या चुका टाळा

चहाचं झुडूप अचानक वाळतं, सुकलेली पानं गळून न पडता फांद्यांना तशीच लटकून राहतात, आणि घाईघाईने बुंध्याशी ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीशी लढणारी उपयुक्त बुरशी, ओतला जातो. पहिली चूक इथेच. ट्रायकोडर्मा रोगकारक बुरशीच्या धाग्यांना विळखा घालतो, तिचं अन्न आणि जागा बळकावतो. पण लाकडात खोल शिरलेल्या बुरशीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. मेलेलं झुडूप त्याने उठणार नाही. गरज आहे ती भोवतालच्या, वरून हिरव्यागार दिसणाऱ्या झुडपांना, कारण हा रोग मुळाला मूळ टेकून पुढे सरकतो.

आधी मूळ खणून, धुऊन बघा. माती-खडे कवचासारखे घट्ट चिकटलेले असतील तर तपकिरी मूळकूज. धुतल्यावर लाल धागे दिसले तर लाल. साल सोलल्यावर लाकडावर पांढऱ्या चांदण्या उमटलेल्या असतील तर काळी. मुळं जांभळट आणि वास आंबूस असेल, तर पाणी तुंबलंय. तिथे चर खणा, नुसत्या जैविक औषधाने भागणार नाही.

सगळ्यात महागात पडते ती जमिनीत राहिलेल्या थोटकाची चूक. सावलीचं झाड तोडतात, बुंधा तसाच सोडतात, आणि बुरशीला कित्येक वर्षांची शिदोरी मिळते. झाड पाडायच्या बरंच आधी खोडाची साल कड्यासारखी गोल काढावी. मुळांतला स्टार्च संपतो, बुरशीला खायला फारसं उरत नाही. रोगट झुडूपही पेन्सिलीएवढ्या मुळांसकट उपटा. नवी लागवड लगेच नको. आधी 18 ते 24 महिने ग्वाटेमाला गवत घेतात, ते उगाच नाही.

कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देणं म्हणजे आपणच आणलेला राखणदार आपणच मारणं. कोरड्या मातीत किंवा भर उन्हात टाकणंही तसंच. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल टिकवून, सावलीत 10-15 दिवस ठेवा, अधूनमधून वरखाली करा, मगच आळ्यात घाला. ताजं शेण नको. पुडीवरची मुदतही वाचा. आतले बीजाणू जिवंत असतील तरच उपयोग.

आणि ट्रायकोडर्मासाठी म्हणून चुना टाकू नका. चहाला 4.5 ते 5.5 सामूची (pH) आम्ल माती लागते, ती ट्रायकोडर्मालाही मानवते.