केमोनंतर गाठ नाहीशी झाली म्हणून शस्त्रक्रिया टाळताय? या चुका टाळा

स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमोथेरपी आधी दिली, की कित्येकदा शेवटच्या सायकलपर्यंत (औषधाच्या शेवटच्या फेरीपर्यंत) गाठ हाताला लागेनाशी होते आणि ‘आता ऑपरेशन कशाला?’ असा प्रश्न घरात निघतो. प्रश्न रास्तच आहे, चुका होतात त्या उत्तर शोधताना.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गाठ लागत नाही किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही, म्हणजे कॅन्सर उरलाच नाही, असे धरून चालणे. प्रत्येक गाठ कडेकडेने आकसत जात नाही. काहींमध्ये ती विरळ होत जाते आणि मधूनमधून पेशींचे बारीक पुंजके शिल्लक राहतात, जे स्कॅनवर उमटत नाहीत. सुईची बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून केलेली तपासणीही चकवू शकते. नेदरलँड्समधील ‘मिक्रा’ अभ्यासात ज्यांच्या स्तनात शस्त्रक्रियेनंतर कॅन्सर सापडला, त्यांतील ३७ टक्के स्त्रियांच्या बायोप्सीत तो आधी दिसलाच नव्हता.

दुसरी चूक अर्धवट बातमीवर निर्णय घेण्याची. अमेरिकेत एम. डी. अँडरसन कॅन्सर केंद्राच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० पैकी ३१ स्त्रियांची शस्त्रक्रिया टळली आणि सुमारे दोन वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांच्यापैकी कोणालाही कॅन्सर उलटला नाही, हे खरे आणि आशादायकही आहे. मात्र त्या सर्व जणींचा कॅन्सर ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनला प्रतिसाद देणारे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू प्रथिन, तिन्ही नसलेला) किंवा हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू प्रथिन जास्त असलेला) प्रकारचा होता, केमोनंतर उरलेला भाग दोन सेंटिमीटरच्या आत होता, व्हॅक्यूम बायोप्सीने (जाड सुईतून खेचून) किमान १२ तुकडे तपासले गेले आणि रेडिएशन प्रत्येकीने घेतले. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह कॅन्सर केमोने पूर्ण नाहीसा होण्याचे प्रमाण बरेच कमी असल्याने तो निष्कर्ष तिथे लावता येत नाही.

शस्त्रक्रिया ही तपासणीसुद्धा असते, हे फार जण लक्षात घेत नाहीत. काढलेल्या भागात कॅन्सर शिल्लक दिसला, तर हर-टू पॉझिटिव्ह रुग्णांना ट्रास्टुझुमॅब या नेहमीच्या हर-टूविरोधी औषधाऐवजी टी-डीएम१ (ट्रास्टुझुमॅबला केमोचे औषध जोडलेले), तर ट्रिपल निगेटिव्हमध्ये कॅपेसिटाबीनसारखे औषध देता येते. शस्त्रक्रियाच टाळली, तर या औषधांची गरज असल्याचे कळायचा मुख्य मार्ग बंद होतो. शिवाय शस्त्रक्रिया म्हणजे स्तन काढणेच, हा समजही चुकीचा आहे. केमोने गाठ आटल्यावर अनेकींचा स्तन वाचवता येतो.

शस्त्रक्रिया टाळायचीच असेल, तर ती नोंदणीकृत क्लिनिकल ट्रायलमध्ये (रुग्णांवरील अधिकृत अभ्यासात) सहभागी होऊन, काखेतील गाठींचीही तपासणी करून टाळावी. आणि मार्ग कोणताही निवडला, तरी गाठीच्या जागी खुणेची धातूची क्लिप बसवली आहे का, हे पहिल्या सायकलपूर्वीच विचारावे, कारण गाठ विरघळल्यावर नेमकी जागा सापडणे अवघड होते.