राज्य अनुदानाचा अर्ज: पैसे नेमके कुठे अडतात

गावची बाजारपेठ, गोदाम किंवा प्रक्रिया केंद्रासाठी राज्याचं अनुदान मागायचं असेल, तर आधी मार्गदर्शक सूचना शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि पात्र खर्चाची यादी वेगळी काढा. जमीन खरेदी आणि रोजचा चालू खर्च बहुतेकदा त्यात बसत नाही.

खरी अडचण स्वहिश्शाची. एकूण खर्च १०० धरला आणि अनुदान ६० टक्के असलं, तर उरलेले ४० कुठून येणार याचा कागद जोडावा लागतो: बँकेचं मंजुरीपत्र किंवा संस्थेचा ठराव. शिवाय अनेक योजनांत आधी खर्च, मग परतावा. म्हणजे बिलं मंजूर होईपर्यंत अख्ख्या १०० ची सोय तुम्हालाच करायची. हा हिशेब आधी केला नाही की काम जोत्यापर्यंत येऊन थांबतं.

अनुदान मंजुरीच्या तारखेआधी वर्क ऑर्डर देऊ नका. ते बिल सहसा नामंजूर होतं. निविदेची सक्ती नसली तरी तीन दरपत्रकं घ्याच. रोजगाराचा आकडा फुगवू नका. तो करारात शिरतो आणि गाठला नाही तर वसुली निघू शकते. प्रत्येक बिलावर प्रकल्पाचं नाव, तारीख, क्रमांक हवाच; उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, त्यावरूनच तयार होतं.