मुलांना स्वतःचं चित्र काढू द्यायचं असेल तर

घरात किंवा वर्गात एक कोपरा मोकळा करा. सामान मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर ठेवा. कपाटात कुलपाआड ठेवलेली रंगपेटी असून नसल्यासारखी.

सामान म्हणजे पाठकोरे कागद, खडू, कोळसा, गेरू, शाडूची माती, चिंचोके. महागडी किट्स कशाला? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा परदेशी धाटणीच्या महाग साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले मुलांच्या हाती दिले. खोडरबर मात्र ठेवू नका, मूल काढायचं सोडून खोडतच बसतं.

रोज अर्धा तास द्या. तेवढा वेळ मोबाईल बंद, मोठ्यांचासुद्धा.

खरी अवघड पायरी पुढेच आहे: आपला हात आणि आपलं तोंड आवरणं. मलाही हेच सर्वांत जड गेलं. मूल म्हणतं, "बाई, मला मांजर येत नाही, काढून द्या ना." अजिबात देऊ नका! एकदा दिलंत की त्याची पुढची सगळी मांजरं तुमचीच. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, कौलारू घर, नदी, नारळ हे चित्र रत्नागिरीच्या आणि सोलापूरच्या वहीत सारखंच दिसतं, कारण ते आम्ही मोठ्यांनीच फळ्यावर काढून दिलेलं असतं. सोलापूरच्या मुलाच्या दारातली बाभूळ कागदावर येतच नाही.

त्याऐवजी विचारा, "तुमच्याकडचं मांजर झोपतं कसं? तेव्हा शेपूट कुठे असतं?" मूल आधी स्वतःच अंग मुडपून दाखवतं, मग रेघ ओढतं. कान शिंगांसारखे आले तरी गप्प बसा.

"हे काय काढलंयस?" असं विचारू नका, आणि उठसूट "वा, छान!"ही नको. छान म्हटलं की पुढचे आठ दिवस तेच चित्र येतं. दिसतं तेवढंच बोला: "इथे काळा रंग जोर लावून घासलायस." मग मूल आपणहून सांगतं, "ती विहीर आहे, आत अंधार आहे." आकाश हिरवं असेल तर हिरवंच राहू द्या. तंत्राचं काय ते पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या वेळी बघता येईल. पहिलीतल्या पोराच्या मागे ते लावू नका.

झालेली चित्रं सुतळीवर चिमट्यांनी टांगा, सगळ्यांची. नाव-तारीख मागच्या बाजूला. कुणाचं कुठलं चित्र लावायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं.